सहा पैसे आणि एक बोर

आमच्या शाळेची कौलं उतरवत होते, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली उभा होतो. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. देवळीला त्या दिवशी बाजार नव्हता, म्हणून दुकान मुलावर टाकून मुद्दाम गेलो. वरचा गडी कौल सोडायचा, खालचा झेलायचा. प्रत्येक कौलाबरोबर थोडी माती, चिमण्यांच्या घरट्यातल्या काड्या आणि एक वास खाली यायचा. मी तो वास ओळखला. थुंकी लावून पुसलेल्या पाटीचा, तागाच्या बसकरपट्टीचा आणि कोपऱ्यातल्या माठाखाली कायम ओल्या राहणाऱ्या जमिनीचा तो वास होता. इतकी वर्षं तो वर आढ्यात जाऊन बसला होता, हे मला माहीत नव्हतं.

कौलांच्या जागी स्लॅब पडणार होता. चांगलंच होतं ते. पावसाळ्यात आमच्या वह्यांवर पाणी गळायचं, आताच्या पोरांच्या गळणार नव्हतं. तरी पाय हलत नव्हते.

शेवटच्या तासाला आम्ही दप्तरं बांधून उभे राहायचो. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून ओढायचं. बे, तीन, चारचे सरळ पाढे खालच्या वर्गांचे. आम्ही मोठे, त्यामुळे आमच्या वाट्याला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ‘एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक.’ त्या ‘एक’वर सगळ्या वर्गाचा आवाज आपोआप चढायचा. काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटायचं. अर्थ कळायच्या आधी चाल कळली होती. शाळेसमोरून कापसाच्या बैलबंड्या जायच्या. एखादा म्हातारा बंडीवर बसल्या बसल्या आमच्या सुरात सूर मिसळायचा आणि दोन ओळी म्हणून वळणापलीकडे दिसेनासा व्हायचा.

तेव्हाचं सगळं जग भाकरीसारखं मोडायचं. अर्धी, मग चतकोर, मग नितकोर. शेराचे चार पाव, पावाचे चार छटाक. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. भोकाचा पैसा करगोट्यात ओवून पोरं आंघोळ करायची, म्हणजे तो हरवत नसे. ढब्बू पैसा तळहातावर ठेवला की हिवाळ्यात गार लागायचा आणि मूठ उघडली की हाताला तांब्याचा वास राहायचा. वर्धा पाच कोसांवर होतं. कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचं, आणि विचारणाऱ्याला आपले पाय किती दुखतील ते कळायचं.

माझ्या बापाचं धान्य-किराण्याचं दुकान होतं, तेच मी पुढं चालवलं. बाबा पायलीनं ज्वारी मोजताना ‘एक’ कधी म्हणत नसत. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, मग तीन. गिऱ्हाईकही मनातल्या मनात ‘लाभ’ म्हणायचं. दोघांचाही लाभ त्याच पायलीत असायचा, असं मला लहानपणी वाटे. गुळाच्या भेलीवर माशा, सरकीचा तेलकट वास, हिंगाची डबी उघडली की मागच्या खोलीतून आईचा आवाज, ‘झाकन लावा जी, बाप्पा!’ यातच मी वाढलो. हिशेब मी शाळेत शिकायच्या आधी दुकानात ऐकला होता, आणि पुढं जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

सहावीत आम्हाला तिजारे मास्तर होते. धोतर, काळी टोपी, कोटाच्या उजव्या खिशावर कायम खडूचा पांढरा डाग. मारत नसत. चुकलं की नुसते म्हणत, ‘मंग? आता काय कराव?’ आणि खरंच वाट पाहत. ती वाट पाहणंच छडीपेक्षा जड जाई.

नवे पैसे आले तेव्हा सगळी देवळी वैतागली होती. रुपयाचे म्हणे शंभर झाले. म्हाताऱ्या बाया दुकानात येऊन बाबांवर संशय घ्यायच्या. ‘सरकार गेलं खड्ड्यात, तू मले फसवून राह्यला का ते सांग!’ मास्तरांना मात्र त्या बदलाची गंमत वाटत होती. एक दिवस त्यांनी वर्गात जमिनीवर शंभर चिंचोके ओतले. ‘हा झाला नवा रुपया.’ मग सोळा खडे ओळीनं मांडले. ‘हे सोळा आने. वाटा आता.’ आम्ही गुडघ्यांवर बसून वाटायला लागलो. प्रत्येक खड्यापुढं सहा-सहा चिंचोके गेले आणि चार उरले.

‘हे चार कोनाचे?’ मास्तरांनी विचारलं.

एकानं ते चार हळूच बाजूला सारले.

‘हेच तं शिकाचं हाय,’ ते म्हणाले. अडकित्ता त्यांनी घरूनच आणला होता. एकेका चिंचोक्याचे त्यांनी चार तुकडे केले. निदान केल्यासारखे केले, कारण चिंचोका काही सरळ फुटत नाही. सोळा तुकडे झाले. प्रत्येक आण्यापुढं एक-एक ठेवला. ‘सव्वासहा. दिसलं का डोयानं?’ दिसलं. मला अजून दिसतं. ज्या माणसानं आम्हाला सव्वासहा डोळ्यांनी दाखवले, त्याला आण्याचे पैसे किती हे येत नव्हतं, असं सारं गाव पुढं चाळीस वर्षं सांगत आलं. ते कसं झालं, तेच मला इथं लिहायचं आहे.

पाव पैशाचं नाणं नव्हतंच. सहा नव्या पैशांचा जिन्नस घेऊन कोणी जुना आणा दिला, तर पाव पैसा गिऱ्हाइकाचा निघायचा आणि देता यायचा नाही. दुसरे दुकानदार सोडून देत. बाबांनी गल्ल्याशेजारी बोरांची टोपली ठेवली. आणा आला की जिन्नस द्यायचा आणि वर एक बोर. ‘दुसऱ्याचा पाव पैसा माह्या गल्ल्यात नको,’ म्हणायचे. पौषातली लालसर, सुरकुतलेली बोरं. त्यांचा आंबूस वास सरकीच्या वासावरही चढायचा. बोरं संपली की गुळाचा खडा.

त्याच हिवाळ्यात डिप्टी साहेब तपासणीला आले. पोरांना नवी नाणी कळली का, ते त्यांना पाहायचं होतं. एकेकाला बाहेर वऱ्हांड्यात बोलवत होते, म्हणजे आतल्यांना प्रश्न कळू नयेत. माझी पाळी आली. वऱ्हांड्यात आम्ही तिघंच, साहेब खुर्चीवर, मास्तर खांबापाशी आणि मी.

‘एका आण्याचे नवे पैसे किती?’

मला येत होतं. पण साहेबांच्या चकचकीत बुटांकडे पाहता पाहता शाळा डोक्यातून गेली आणि दुकान आलं.

‘सहा पैसे अन् एक बोर,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘बोर जी.’

साहेब हसायला लागले. खुर्ची मागं जाईपर्यंत हसले, रुमाल काढून डोळे पुसले. माझे कान तापले. ‘मास्तर, हे शिकवता काय तुम्ही इथं?’

मास्तर हसले नाहीत. घाबरलेही नाहीत. म्हणाले, ‘साहेब, पाव पैसा सरकारनं सोडून दिला. या पोराच्या बापानं नाई सोडला.’

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, ‘बरं. जा, बस.’

एवढंच झालं होतं. याच्या आधी काही नाही, याच्या नंतर काही नाही.

मी आत आलो. साहेबांचं हसणं सगळ्यांनी ऐकलं होतं. ‘काऊन हासला बे साहेब? तू काय बोल्ला?’ चहूकडून पोरं विचारायला लागली. खरं सांगितलं असतं तर उद्यापासून माझं नाव पडलं असतं, हे मला कळत होतं. मी विचारही केला नाही. तोंडातून निघून गेलं, ‘मले नाई. मास्तरले विचारलं साहेबानं, आन्याचे पैसे किती. मास्तर म्हने, सहा पैसे अन् एक बोर!’

वर्ग उसळला. मी दोन बसकरपट्ट्यांच्या मधोमध उभा राहून मास्तरांसारखी टोपी सावरल्याची नक्कल केली. पोरं आणखी हसली. मला ते आवडलं. हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीमागून कोणीतरी ओरडलं, ‘बोरमास्तर!’ मास्तर फळ्यावर लिहीत होते. हात थांबला. वळून त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थोडी थांबली. वऱ्हांड्यात तिघंच होतो. साहेब तर केव्हाच वर्ध्याला निघून गेले होते. मी मान खाली घातली. मास्तर म्हणाले, ‘हं. अडीचकी म्हना.’ आम्ही म्हणायला लागलो. एक अडीच अडीच, बे अडीच पाच.

त्या दिवसापासून मी रोज वाट पाहत राहिलो, की आज बोलतील, उद्या बोलतील. ते कधीच बोलले नाहीत. सातवी झाल्यावर बाबा मला दुकानात बसवणार होते. एका संध्याकाळी मास्तर आले, पाटावर बसले, पाणी प्याले. मी पोत्यांमागं होतो. ‘शेठजी, पोराले म्याट्रिक होऊ द्या,’ ते म्हणाले. ‘याले हिशेब नुसता येत नाई, समजते.’ बाबांनी मानलं. मी म्याट्रिक झालो, माझी मुलं त्याच्याही पुढं गेली. आज घरात जी चार पुस्तकं आहेत आणि ती वाचणारी माणसं आहेत, ती त्या संध्याकाळमुळे आहेत. मी हे रोज मनात म्हणतो. त्यांच्यासमोर एकदाही म्हणालो नाही.

आणि गोष्ट मी सांगतच राहिलो. दुकानदाराला गोष्ट लागतेच. गिऱ्हाईक थांबतं, दोन जिन्नस जास्त घेतं. वर्षं गेली तसा मी तिला नटवत गेलो. मास्तरांच्या कपाळावर घाम आणला, हातातून खडू पाडला. नव्वदच्या सुमारास पाच-दहा पैशांची नाणी बाजारात मिळेनाशी झाली आणि आम्ही सारे दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळ्या-चॉकलेट द्यायला लागलो. गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवलं की कोणीतरी म्हणायचंच, ‘शेठ, बोरमास्तरची सांगा ना!’ आणि मी सांगायचो. समुद्रपूरकडचे व्यापारी ती ऐकून जायचे, आपल्या गावी सांगायचे. एकदा एसटीत मागच्या बाकावर एक अनोळखी माणूस तीच सांगत होता. खडू पडण्याची जागासुद्धा त्यानं चुकवली नाही.

मास्तर त्याच दशकात गेले. तेरवीला मी गेलो होतो. पंगतीत शेजारचा म्हणाला, ‘शेठ, आज तं पाहिजेच. मास्तरचीच आठवन.’ मी सांगितली. पंगत हसली, दुःखाच्या घरातलं ते दबकं, गोड हसू. मागं पाण्याचा जग घेऊन मास्तरांची मुलगी सुमन उभी होती. तिनं माझ्या पेल्यात पाणी ओतलं, काठोकाठ ओतलं, आणि पुढच्या पानाकडे गेली. मी तो पेला तसाच ठेवून उठलो.

तीच सुमनताई त्या दिवशी शाळेची कौलं उतरत असताना, मी रस्ता ओलांडून आवारात गेल्यावर, फाटकातून आत आली. सिंदी मेघेला राहते, वर्ध्याच्या शाळेत शिकवते. अंगावर प्रवासाची धूळ, हातात रिकामी पिशवी. तिला बापाच्या वर्गावरचं एक कौल घरी न्यायचं होतं. मला पाहून थबकली.

‘भाऊ, तुम्ही बी आले?’

‘आलो. पाहाव म्हटलं.’

आम्ही दोघं वर पाहत उभे राहिलो. वरचा गडी ओरडला, ‘सरका जी, सरका! डोक्यावर पडन!’ आम्ही सरकलो.

‘एक विचारू का, भाऊ? खरं सांगजा. तुम्ही त्या वर्गात होते. बाबा खरंच तसे म्हनाले होते?’

मी पायाजवळची खापरी बाजूला सारली. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

‘शाळेत मले सारे बोर म्हनत. बोर आली, बोर गेली. त्याचं काही नाई. पन मले गनितात लय मार्क होते. शिकवाचं बी गनितच होतं. मंग वाटलं, फळ्यापाशी उभी राह्यली अन् मागून कोनी बोर म्हटलं तं? मराठी घेतलं. बाबाईले कधी विचारलं नाई. कसं विचाराव? अन् आता विचाराले बाबा नाई.’

मी सांगितलं. सगळं, आत्ता लिहिलं तसं. धूळ नाकातोंडात जात होती, मध्येच ठसका लागत होता. तिनं एकदाही अडवलं नाही. मी संपवल्यावर ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.

‘पुन्हा सांगा. बाबा साहेबाले काय म्हनाले ते.’

‘पाव पैसा सरकारनं सोडून दिला. या पोराच्या बापानं नाई सोडला.’

तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. ‘हो,’ ती म्हणाली, ‘असेच बोलत बाबा. घरी बी असेच बोलत.’ तिचे डोळे भरले आणि चेहरा मात्र उजळला. तिला बाप परत मिळाल्यासारखा झाला होता. मग तो उजेड गेला आणि ती माझ्याकडे वळली.

‘त्याईले माहीत होतं, तुमचं काम हाय म्हनून?’

‘तिघंच होतो तिथं.’

‘अन् तरी काही म्हनाले नाई?’

‘नाई. माह्या बाबाले म्हनाले, पोराले म्याट्रिक होऊ द्या.’

‘अन् तुम्ही तेरवीत बी सांगतली. मी पानी वाढून राह्यली होती.’

‘हो.’

‘मी तुमाले माफ-बिफ काही करत नाई, भाऊ. ते माझं काम नाई. जिथं जिथं ते सांगतलं, तिथं तिथं हे सांगा.’

दुसऱ्या दिवसापासून मी सांगायला लागलो. आणि मग कळलं, मी काय करून ठेवलं होतं ते. लोक माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि खो-खो हसायचे. ‘काय शेठ, नवीन काढली!’ ‘मास्तरचीच बरी होती, त्यात खडू होता.’ एक जण म्हणाला, ‘म्हातारपनी पुन्य कमवून राह्यले का?’ खोट्याला मी चाळीस वर्षं घासून चकाकी आणली होती, खऱ्यासाठी माझ्याकडे नुसती दोन वाक्यं होती. मी जितक्या कळकळीनं सांगे तितकं त्यांना ते नाटक वाटे. हे लिहायला घेतलं तेही त्यामुळेच. कागदावर माझं तोंड दिसत नाही.

पण त्याआधी एका बाजाराच्या दिवशी सुमनताई दुकानात आली. दुकान गच्च भरलं होतं. ती गर्दीतून गल्ल्यापर्यंत आली.

‘सांगतलं?’

‘सांगून राह्यलो. कोनी मानत नाई, ताई.’

तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि गिऱ्हाइकांकडे तोंड केलं. वर्गाला गप्प करायची सवय असलेला आवाज होता तो. ‘मी तिजारे मास्तरची पोरगी. शेठ सांगून राह्यले ते खरं हाय. ते बोर माह्या बापाचं नव्हतं. याईचं होतं.’ आणि मग तिनं वऱ्हांड्यातलं ते वाक्य सांगितलं. मी सांगितलं होतं त्यातला एक शब्दही इकडचा तिकडं न करता, पण बापाच्या लयीत. मला वाटलं, खांबापाशी मास्तरच उभे आहेत.

कोणी हसलं नाही. सरकीच्या पोत्यावर बसलेला एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला, ‘असं म्हनाले मास्तर? साहेबाच्या तोंडावर?’

‘तोंडावर,’ ती म्हणाली.

‘बाप्पा! मंग आता बोरमास्तर कोनाले म्हनाव?’

‘मास्तर काऊन पाहिजे? शेठ समोर बसून हाय ना.’ ती माझ्याकडे वळली. ‘बोरशेठ, पावभर शेंगदाने द्या.’

मग दुकान हसलं. असं हसलं की बाहेरचे लोक डोकावले. ज्या हसण्याला मी बाराव्या वर्षी भ्यालो होतो, ते अखेर माझ्या पत्त्यावर आलं, आणि आल्यावर काही एवढं भयंकर नव्हतं. ते नाव आता चिकटलं आहे. पाटीवर बाबांचं नाव आहे, पण बसस्टँडवर उतरणारा परगावचा माणूस बोरशेठचं दुकान कुठं म्हणूनच विचारतो. कोणी का पडलं हे नाव म्हणून विचारलं, की मला सांगावं लागतं, आणि सांगताना दर वेळी मास्तरांचं ते वाक्य यावंच लागतं. याहून जास्त मला कोणी काय देणार होतं?

त्या दिवशी मी उठलो. शेंगदाणे तराजूत टाकले. मन भरून आलं होतं, म्हणून वर आणखी एक मूठ टाकली. पारडं खाली टेकलं.

सुमनताईनं पारड्याकडे पाहिलं.

‘सरळ तोला, भाऊ,’ ती म्हणाली.

मी मूठ परत काढली आणि काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत हात स्थिर धरला.